धुळाक्षरे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पहिलीच्या वर्गात दरवर्षी एक छोटा सोहळा होतो. पोरे घरून पाट्या घासूनपुसून आणतात आणि त्यांच्यावर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात. ही रीत कोणी घालून दिली कोण जाणे, पण घालणारा मोठा शहाणा असला पाहिजे. ज्याला एक काढता येतो त्याला सरस्वती काढता येते. जून-जुलैत दाखल झालेल्या पोराला दसऱ्यापर्यंत आणखी काही येवो न येवो, एक तर नक्कीच येतो. तेव्हा विद्येची देवता कोणालाच नापास करीत नाही. नापास करण्याचे काम पुढे आम्ही मास्तर लोक करतो.

यंदा पूजा आटोपल्यावर मी फळ्यावर एक शब्द लिहिला : शाळा. म्हटले, वाचेल कोणी? शेतमजुराच्या घरची एक मुलगी उठली. फळ्याजवळ आली, टाचा उंचावून तिने एकेका अक्षरावर बोट ठेवले, क्षणभर ओठ हलवले आणि मोठ्याने म्हणाली, "शाया!"

वर्गात कोणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण तो अख्खा वर्ग ‘शाये’तच येतो. आमच्या वऱ्हाडी तोंडात ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, बैलांच्या पोळ्याचा पोया. माझी आई होती तोवर आमच्या घरीही डोयेच दुखायचे आणि ते बरेही व्हायचे.

‘चूक’ म्हणायला माझे तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. कारण हाच शब्द मी एकदा उच्चारला होता आणि त्याचे काय झाले ते मला ठाऊक आहे.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, नोकरीच्या उमेदीच्या दिवसांतली. पहिलीतल्या एका पोराने केळ्यांच्या चित्राखालचा शब्द ‘केयी’ असा वाचला. मी त्याला थांबवले. "केयी नाही, केळी. म्हण, केळी." तो म्हणाला, "केयी." मी दहा वेळा म्हणवून घेतले आणि दहाही वेळा त्याची जीभ तिथेच घसरली. मग मी हसलो. मास्तर हसले म्हणताच वर्गही हसला. त्या दिवसानंतर ते पोर चौथीपर्यंत माझ्यासमोर मोठ्याने कधी वाचले नाही. गणिते करी, पाटीवर सुबक अक्षर काढी, पण वाचायला उभे केले की मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत राही. आमची शाळा चौथीपर्यंतची. पुढे ते दुसरीकडे गेले. माझी चूक मात्र माझ्याकडेच राहिली.

तेव्हा, वाचकहो, प्रश्न असा की त्या मुलीने शब्द वाचला की नाही वाचला? प्रश्न दिसतो लहान, पण त्याचे उत्तर शोधीत मी बराच मागे गेलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबऱ्या लिहितो तोही आगाऊपणाच. पण आपण रोज जे करतो ते कुठून आले हे जाणून घ्यायला पदवी लागत नाही. आपल्या मुलखात लहान पोरांना वाचायला कसे शिकवीत आले, त्याची ही हकीकत आहे.

पहिला मुक्काम पंतोजींच्या शाळेत. शाळा म्हणजे कुणाच्या वाड्याची ओसरी, नाहीतर देवळाचा सभामंडप. पंतोजींना पगार नाही. घरोघरचा शिधा, सणावाराची दक्षिणा, पोराने एक पायरी ओलांडली की काही रोख. अमावास्येला सुट्टी. पोरासमोर धूळपाटी, म्हणजे एक लाकडी फळी आणि तिच्यावर पसरलेली बारीक धूळ किंवा विटेची भुकटी. तीत काडीने अक्षर काढायचे, ते गिरवायचे, फळी हलवली की अक्षर गेले. म्हणून ती धुळाक्षरे. कागद महाग होता, धूळ फुकट होती.

पहिला धडा कोणता? ‘श्रीगणेशाय नमः’ आणि ‘ओनामा’. आपण कोणत्याही कामाचा श्रीगणेशा करतो, ओनामा करतो, ते शब्द या धूळपाटीवरून उठून बोलीत आले आहेत. आता मास्तराच्या डोळ्यांनी हा धडा पाहा. पहिलेच अक्षर ‘श्री’, म्हणजे जोडाक्षर आणि वर दीर्घ वेलांटी. मग ‘णे’, मात्रा असलेला ण. शेवटी ‘मः’, विसर्गासकट. आजच्या हिशेबाने पहिलीचे आणि दुसरीचे सगळे अवघड एका ओळीत आले! मग पंतोजी वेडे होते काय? मुळीच नाही. त्यांना त्या दिवशी वाचायला शिकवायचेच नव्हते. पोराचा हात धरून देवाचे नाव धुळीत उमटवायचे होते. हात आधी आणि तोंड बरोबरीने, हा त्या शाळेचा क्रम. पोर लिही आणि मोठ्याने घोकी. मुळाक्षरे, बाराखडी, मग पाढे, पावकी-निमकी, सवायकी-दिडकी, अडीचकी, औटकी. डोळ्याने नवा मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे हे फार पुढचे, आणि ते पुष्कळांच्या वाट्याला यायचेच नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. व्यवहाराची लिपी मोडी होती. बाळबोध पोथ्यांची, मोडी दप्तराची. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नव्हता. आज ज्या एका वेलांटीपायी आम्ही शुद्धलेखनाची वही लाल करून टाकतो ती चूक पंतोजींच्या मोडीत होऊच शकत नव्हती! मुलूखगिरीचे हिशेब, जमिनींच्या सनदा, सासर-माहेरची पत्रे, सारे त्या भेदावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि वाचणाऱ्याला अर्थ कळत राहिला.

जुन्याचे मला नसते कौतुक नाही. त्या ओसरीवर कोण बसे? भटाभिक्षुकांची, कुळकर्ण्यांची, वाण्यासावकारांची मुले. माळ्या-कुणब्याचे एखादे बसले तर बसले. महारामांगांची मुले आणि कोणत्याही जातीच्या मुली बाहेर. छडी होती आणि छडीपेक्षा भयंकर शिक्षाही होत्या. पण पोराच्या उच्चारावरून त्याला गप्प करण्याचे कारण त्या शाळेत फारसे नसावे, कारण पंतोजीही त्याच गावचे आणि त्यांची जीभही बहुधा तीच.

या धूळपाटीने एक मोठा प्रवास केला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला सैनिकांच्या पोरक्या मुलांच्या आश्रमावर अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. एका गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताहेत आणि मोठी मुले लहानांना शिकवताहेत असे त्याला दिसले. ते त्याने आपल्या आश्रमात चालू केले आणि १७९७ साली विलायतेत त्याचे टिपण छापले. तिकडे त्याचा मोठा गाजावाजा झाला. लँकेस्टर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनीही तसलीच रीत काढली आणि दोघांच्या पक्षांत श्रेयाचे भांडण जुंपले. पुढे १८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी निघाली, तेव्हा देशी शाळा सुधारण्यासाठी हीच पद्धत विलायती माल म्हणून इकडे आणली गेली. आमचीच धूळ सातासमुद्रांपलीकडे जाऊन बूट घालून परत आली!

मात्र साहेबाने एक खरी नवी वस्तू आणली, ती म्हणजे छापील क्रमिक पुस्तक. १८२२च्या त्या मंडळीने आणि पुढे सरकारच्या विद्याखात्याने मराठीत पुस्तके करवून घेतली. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलांसाठी लिहिले, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोल्सवर्थसाहेबांचा कोश त्याआधीच १८३१मध्ये छापून झाला होता. मेजर कँडी सरकारी पुस्तकांची भाषा तपासायला बसले आणि मराठी वाक्यात स्वल्पविराम, अर्धविराम नीट मांडून बसले. या माणसांचे उपकार मी मानतो. त्यांच्यावाचून हा दिवाळी अंकही नसता. पण पुस्तक छापायचे म्हणजे कोणाची तरी एक मराठी निवडणे आले, आणि ती निवडली गेली पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांची. त्यात कट कोणाचा नव्हता. ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांच्या घरची भाषा पुस्तकात आली, इतकेच. परिणाम मात्र असा झाला की ‘शुद्ध’ नावाची एक वस्तू जन्मली आणि ती आमच्या गावापासून फार लांब राहत होती.

किती लांब ते सांगतो. पुण्यामुंबईत ही पुस्तके निघत होती तेव्हा वऱ्हाड निजामाचे होते. १८५३च्या तहाने ते इंग्रजांच्या हवाली झाले. आमचा मंगरूळ तालुका बासीम जिल्ह्यात पडला. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला, १९०५ साली बासीम जिल्हाच मोडून आम्हांला अकोल्यात घातले. १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६०मध्ये महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा झाला. शाळांच्या पाट्याही अशाच बदलत गेल्या : कधी लोकल बोर्डाची, कधी जनपदाची, १९६२पासून जिल्हा परिषदेची. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या. पोर मात्र ‘शाये’तच येत राहिले आणि पुस्तक ‘शाळा’च म्हणत राहिले.

या दोघांमधले अंतर कोणाला खुपले नाही असे नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा ओसरीबाहेर ठेवलेले पोर पहिल्याने आत आले. १८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले ते प्रत्येक मास्तराने वर्षातून एकदा वाचावे असे आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचन-लेखन शिकवा, हिशेब आणि शेतीची तोंडओळख द्या, हे तर त्यात आहेच. पण मास्तर कसा असावा हेही त्यांनी सांगितले. वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, जो खालच्या थरांत सहज मिसळेल, असा माणूस त्यांना हवा होता. जो पोराच्या अंगणात जाऊ शकतो, त्यालाच पोराचे तोंड उघडता येते. उच्चार हा शब्द जोतीरावांनी तिथे वापरलेला नाही. पण मला त्यात माझ्या केळ्याचे उत्तर अर्धे सापडले.

अर्धे उत्तर रीतीतही शोधले पाहिजे. कारण मास्तर कितीही प्रेमळ असला तरी मराठी लिपी शिकवणे हे दमछाकीचे काम आहे. चौतीस व्यंजने धरा आणि बारा खड्या धरा. चौतीस बारे चारशे आठ. एवढ्या आकृत्या झाल्यावर जोडाक्षरे वेगळीच. पंतोजींचा क्रम होता क-ख-ग-घ, म्हणजे आवाजाचा क्रम. कंठातून निघणारे आधी, ओठावरचे नंतर. क्रम शास्त्राचा खरा, पण पोराच्या हाताला त्याचा उपयोग नाही. पहिलाच ‘क’ वळणदार. मग कोणीतरी जाणत्याने हाताचा क्रम लावला : ग, म, भ, न. चौघांनाही उजवीकडे एक उभा दंड आणि डावीकडे लहानसे वळण. एक आला की दुसरा त्याच्या पाठीला धरून येतो. आजही ‘गमभन’ म्हटले की मराठी माणसाला आपली पहिली पाटी आठवते. आणि वाचणाऱ्याचा लाभ असा की गमभन संपते न संपते तोच पोराला ‘मन’ वाचता येते, ‘नग’ वाचता येते, ‘गगन’ वाचता येते. चारशे आठांचा डोंगर चार पायऱ्यांवर आला.

पुढचे पाऊल आमच्या विदर्भातच पडले. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. अक्षरओळख म्हणजेच शिक्षण नव्हे, हे त्यांचे म्हणणे त्या काळात पुष्कळ मास्तरांच्या पोटात गोळा आणणारे होते. पण त्यांच्या मांडणीतला एक धागा माझ्या कामाचा आहे. पोराने आधी चित्र काढावे, हात वळवावा, अक्षरे आधी चित्रासारखी डोळ्याने ओळखावीत आणि लिहिणे त्यानंतर यावे. म्हणजे पंतोजींच्या क्रमाच्या अगदी उलट. पंतोजी म्हणत हात आधी, गांधीजी म्हणाले डोळा आधी.

आणि त्याच सुमारास एक बाई दोघांनाही जवळ आणीत होत्या. ताराबाई मोडक मुंबईच्या, पण लग्नानंतर काही वर्षे त्या आमच्या अमरावतीत राहिलेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेक्यांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९०७ साली रोममध्ये माँटेसोरीबाईंनी गरिबांच्या पोरांसाठी जे बालगृह काढले होते, त्याच्या साधनांत खरकागदाची अक्षरे होती. पोराने त्यांच्यावरून बोट फिरवायचे आणि आवाज उच्चारायचा. बोटाला खरखर लागते, डोळ्याला आकार दिसतो, कानाला आवाज येतो. मला ते वाचताना हसू आले. खरखरीत कणांवरून बोट फिरवून अक्षर शिकायचे, म्हणजे ही धूळपाटीच की! फरक एकच, पण तो मोठा. इथे मागे छडी नव्हती.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पाड्यांत गेल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणारी पोरे येऊ शकत नाहीत तर शाळा कुरणात जाईल, म्हणून कुरणशाळा. साधने विकतची नकोत, शंख-शिंपले, बिया, पाने, दगड पुरेत. जोतीरावांनी ज्या मास्तराचे वर्णन केले होते तो मला या दोन बायांत दिसला. पोराच्या अंगणात गेलेल्या शाळेला पोराच्या बोलीशी भांडून चालतच नाही.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, ज्याला आपण सगळे बालभारती म्हणतो. साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांच्या हाती स्वस्त, रंगीत, एकच पुस्तक आले. माझ्या पिढीने वाचायला शिकलो ते या पुस्तकावर. काना-मात्रा नसलेले साधे शब्द आधी, त्यांची लहान लहान वाक्ये, मग काना, मग वेलांटी. नव्या पुस्तकाचा वास अजून माझ्या नाकात आहे. आणि फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकेतून येऊन इथल्याच झालेल्या बाईंनी एक पाऊल आणखी टाकले. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातले थरांथरांचे फरक हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. म्हणजे बाई आधी ऐकायला बसल्या आणि मग शिकवायला. थोडी अक्षरे आणि एकदोन मात्रा एकदम घ्यायच्या, त्यांतून पोराच्या ओळखीचे, अर्थाचे शब्द लगेच वाचायला द्यायचे, असा त्यांचा रोख.

या साऱ्या वाटचालीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. धुळीतून फळ्यावर, फळ्यावरून पुस्तकात, पुस्तकातून चित्रात, अशी जी जी सुधारणा पोरांना खरोखर उपयोगी पडली ती अक्षर पोराच्या जवळ नेणारी होती. आणि जिथे आम्ही पोराला अक्षराकडे फरफटत नेले तिथे ते मुके झाले.

आता माझ्या वर्गाचे सांगतो. मंगरूळपीर हे नावच दोन मंगरुळांत घोटाळा होऊ नये अशा सोयीचे आहे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, आमचे दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचे मंगरूळपीर. वर्गात कुणब्याची, बौद्धांची, मुसलमानांची पोरे आहेत आणि आसपासच्या तांड्यांवरून येणारी बंजारा पोरे आहेत. पुस्तक एक, तोंडे तीन-चार प्रकारची.

मागे एकदा बाईचे चित्र दाखवून खालचा शब्द वाचायला सांगितला. शब्द होता ‘आई’. तांड्यावरचे पोर बेधडक म्हणाले, "याडी." गोरबोलीत आईला याडी म्हणतात. त्याने अक्षर वाचले नव्हते, चित्र वाचले होते. हे खरे चुकणे. पण मी त्याला चूक म्हटले नाही. फळ्यावर ‘आई’च्या शेजारी लिहिले ‘याडी’. म्हटले, तुझी आई ही इथे बसली. तो त्या शब्दाकडे बघत राहिला. आपल्या घरातले माणूस फळ्यावर येऊ शकते हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने ‘या’ ओळखला, चार दिवसांनी ‘डी’, आणि मग ‘गाडी’ स्वतःहून वाचली. त्याची याडी त्याला गाडीपर्यंत घेऊन आली. मग ‘बाटी’ लिहिली, म्हणजे त्याच्या घरची भाकर. तीही त्याने चवीने वाचली.

एस.टी.च्या स्थानकावरही मी पोरांना नेतो. बसच्या कपाळावरच्या पाटीसारखे वाचनाचे पुस्तक नाही. त्यावर अर्थ असतो, आणि चुकले तर भलत्या गावाला जावे लागते! कारंजा, मानोरा, वाशीम, अकोला, पोरे ओरडून वाचतात. आपल्या गावाचे नाव दिसले की टाळ्या.

आणि ‘शाया’? तिथे मामला याडीच्या नेमका उलटा आहे. त्या मुलीने चित्र पाहून सांगितले नाही. फळ्यावर चित्र नव्हतेच. तिने ‘शा’ पाहिला, ‘ळा’ पाहिला, त्यातून जिथे आपण बसलो आहोत ती जागा तिला कळली, आणि ती तिने आपल्या तोंडाने सांगितली. याला वाचन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? पुण्याचा माणूस तरी काय करतो? ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च एकाच आकृतीने लिहितो आणि दोन तऱ्हांनी वाचतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, छापलेले अक्षर एकच, उच्चार दोन, आणि कोणता कुठे ते अर्थ सांगतो. जो नियम पुण्याच्या च-ज ला लागू, तो वऱ्हाडच्या ळ ला का नको?

शिवाय ‘शुद्ध’ तरी कुठे स्वस्थ बसले आहे? १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांच्या डोक्यांवरचे अनुस्वार एका रात्रीत उडाले. आदल्या वर्षी ज्याने ‘काही’ लिहून मार खाल्ला असेल तो पुढल्या वर्षी बरोबर ठरला. २००९ साली सरकारने वर्णमाला पुन्हा ठरवली, अॅ आणि ऑ यांना स्वरांत जागा दिली आणि सारी वर्णमाला बावन्नची झाली. पंतोजींची बाराखडी चौदाखडी झाली. इतक्या बदलांना आपण दार उघडले, तर सहा वर्षांच्या पोरीच्या एका ‘य’ला ओसरीवर बसू द्यायला हरकत नसावी.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, उद्या ती परीक्षेत ‘शाया’ लिहील त्याचे काय? रास्त शंका आहे. लिहिताना ‘शाळा’च लिहिले पाहिजे, यात मी तिळमात्र सूट देत नाही. कारण लिहिलेले अक्षर हे सगळ्यांचे सामाईक आहे. कोकणातल्या, खानदेशातल्या, बेळगावच्या पोराने पाठवलेले पत्र आमच्या पोराला कळते ते त्यामुळेच. जीभ ज्याच्या त्याच्या घरची, अक्षर साऱ्यांच्या मालकीचे. आणि गंमत अशी की ते अक्षर मनात ठसते ते वाचल्याने. जे पोर ‘शाया’ म्हणत का होईना पण शंभर वेळा ‘शाळा’ डोळ्याने बघते, त्याच्या हातून ‘शाळा’च उतरते. जे घाबरून वाचतच नाही त्याच्या हातून काय उतरणार?

त्या जुन्या पोराची गाठ गेल्या हंगामात बाजार समितीच्या आवारात पडली. आता दाढीमिशांचा गडी. सोयाबीन घालायला आला होता. मला पाहून त्याने डोक्याचा रुमाल काढला. त्याच्या हातात मापाची पावती होती. मी सहज म्हटले, "किती भरलं रे? वाच पाहू." त्याने पावती माझ्यापुढे केली.

"तुमीच वाचा नं, सर."

वजन, भाव, आडत्याचे नाव, हमाली, सारे मी वाचून दाखवले. मी हमालीच्या आकड्यावर आलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "तो आकडा त्यानं खोडला, सर. खाली दुसरा हाये." खाली खरेच बारीक अक्षरात दुसरा आकडा होता, माझ्या चष्म्यातून निसटलेला. म्हणजे पावती त्याने आधीच, माझ्यापेक्षा नीट, वाचली होती. फक्त माझ्यासमोर मोठ्याने वाचणार नव्हता. मी पावती परत दिली. "पोरगी हाये एक," जाताजाता तो म्हणाला, "पुढल्या साली आणतो शायेत." मी म्हटले, "आण. शायेत आण." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग रुमाल बांधीत गाडीकडे गेला.

दसऱ्याच्या त्या दिवशी पोरांना सोडल्यावर मी वर्गाला कुलूप लावीत होतो. पाऊस सरून पंधरा दिवस झालेले, अंगणात मऊ धूळ बसली होती. ती मुलगी दप्तर पाठीवर टाकून, उकिडवी बसून त्या धुळीत बोटाने काही काढीत होती. तिच्या धाकट्या भावाला शिकवणे चालले होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. ‘ळा’चा ळ तिने काळजीने, दोन्ही गाठी नीट भरून काढला होता. धुळीत स्वच्छ लिहिले होते : शाळा.

"काय लिवलं सांग?" तिने भावाला विचारले. त्याला कुठले येणार! तेव्हा तिनेच त्याचे बोट धरले, एकेका अक्षरावरून फिरवले आणि सांगितले, "शा-या."